जनरेटरला गॅस लावावा का?

भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्याचा चौरास पट्टा धानाचा. आसगाव याच पट्ट्यातलं. शेतीच्या फिडरला थ्री-फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की बांधीत पाणी धरायला अंधारात निघावं लागतं, आणि तालुक्यातल्या जंगलाकडच्या गावांत तर उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातल्या वाघाची धास्ती घेऊनच. पावसाळ्यात तारेवर झाड पडलं किंवा डीपी जळाली की गावाला कधी लाइन येईल ते सांगता येत नाही. दिवाळी सरली की गावोगावी मंडया, म्हणजे जत्रा, भरतात, झाडीपट्टीची नाटकं रात्र-रात्र चालतात, मग लग्नसराई. अशा ठिकाणी मंडप-बिछायतवाल्याकडे, रसवंतीवाल्याकडे, मोबाइलच्या दुकानात एखादा लहान पेट्रोल जनरेटर असतोच.

आणि जिथे पेट्रोल जनरेटर आहे तिथे एक प्रश्न आज ना उद्या निघतोच: हाच जनरेटर गॅसवर चालवला तर? हा वाद आसगावात कोणत्याही दुकानाच्या ओट्यावर होऊ शकतो, म्हणून तो मी तिथेच मांडला आहे. बोलणारे दोघं. मामांचा मंडप, लाइट आणि लाउडस्पीकरचा धंदा. भाचा आयटीआय करून लहान इंजिनं दुरुस्त करतो. मामांना गॅस नको आहे, भाच्याला हवा आहे. दोघंही आपापल्या जागी विचार करूनच बोलतात, म्हणून त्यांचं ऐकण्यासारखं आहे.

भाचा: मामाजी, दिवाळीपासून तुमच्या जनरेटरचा कार्बोरेटर मी खोलतोच आहे. दरवेळी तेच. जेट बुजलेला, बाउलच्या तळाशी पिवळा चिकटा आणि त्याच्या खाली पाण्याचा थेंब.

मामा: पेट्रोलच तसं येते आता, त्याला मी काय करू?

भाचा: त्यात वीस टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. मोटारसायकल रोज चालते, टाकी रिकामी होते, पुन्हा भरते, तिचं निभतं. तुमचा जनरेटर दोन कार्यक्रमांच्या मध्ये महिना-महिना उभा राहतो. पेट्रोल बाउलमध्येच सुकतं, जुन्या रबरी नळ्या फुगतात. मंडईच्या दिवशी दोरी ओढून ओढून हात भरून येतात तेव्हा तुम्ही मला फोन करता. गॅस सिलिंडरमध्ये वर्षभर राहिला तरी नासत नाही.



मामा: पण बाबू, इंजिन पेट्रोलचं. कंपनीनं पेट्रोलसाठी बनवलं. त्यात गॅस काहून घालाचा?

भाचा: इंजिन आधी गॅसवरच चाललं, मामाजी. 1860 मध्ये फ्रान्समध्ये लेन्वारचं इंजिन चाललं ते दगडी कोळशाच्या गॅसवर. 1876 मध्ये जर्मनीत ओटोनं आजच्यासारखं चार-स्ट्रोक इंजिन उभं केलं, तेही गॅसवर. पेट्रोल नंतर आलं. ते बाटलीत मावतं, गाडीवर नेता येतं, म्हणून टिकलं. आणि आपल्या गावात काय झालं ते आठवा. पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर चालणारी इंजिनं तुम्हीच वापरली ना? रेशनचं रॉकेल होतं तोवर सगळे त्यावरच मोटारी चालवत होते. इंधन बदलणं आपल्याला नवं नाही.

मामा: रॉकेलवर इंजिनाचा जीव जात होता. काळा धूर, प्लग काळा, दर महिन्याला खोलणं.

भाचा: कारण रॉकेल पेट्रोलपेक्षा जड, नीट जळत नाही. गॅस उलटा आहे. तो आधीच वाफ आहे. इंजिनात जाऊन त्याला वाफ व्हायचं नाही. प्लग कोरडा राहतो, ऑइल लवकर काळं पडत नाही, कार्बन कमी धरतो.

इथे भाच्याचं म्हणणं बरोबर आहे. परदेशात या कामाला शुद्ध प्रोपेन वापरतात आणि अमेरिकेत तर असे जनरेटर दुकानात तयारच मिळतात. आपल्याकडे मिळतो तो एलपीजी, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो, ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास. बर्फाच्या मुलखात म्हणूनच प्रोपेन लागतो. आपल्या हवेत मिश्रण चालून जातं. इंजिनाच्या दृष्टीने दोन्हींत फार फरक नाही.

मामांनी मग कामाचा प्रश्न विचारला: गॅस इंजिनात जाते कसा? त्याचं उत्तर द्यायला भाच्याने किट ओट्यावर मांडलं. किट म्हणजे तीन गोष्टी. एक, सिलिंडरवरचा रेग्युलेटर. उन्हाळ्याच्या हवेत सिलिंडरच्या आत वातावरणाच्या पाच ते आठ पट दाब असतो. हा दाब रेग्युलेटर एकदम खाली आणतो. दोन, ताटलीसारखा गोल डबा. त्याच्या आत रबरी पडदा आणि पडद्याला जोडलेली झडप. तीन, एअर फिल्टर आणि कार्बोरेटर यांच्या मध्ये बसणारी ॲल्युमिनियमची जाड चकती, तिच्या पोटात आतून अरुंद होत गेलेलं भोक.

भाचा: या डब्यात सगळं आहे. पिस्टन खाली गेला की इंजिन हवा ओढतं. ती हवा या अरुंद भोकातून जाताना दाब पडतो. तो पडलेला दाब नळीतून इथे पोचतो, पडदा हलतो, झडप उघडते, गॅस येतो. इंजिन थांबलं की ओढ थांबली, झडप बंद. इंजिनानं मागितलं तरच गॅस. म्हणून मी म्हणतो, चुलीची नळी सरळ कार्बोरेटरच्या तोंडात खुपसणारे आणि हे किट लावणारे यांना एका मापानं मोजू नका.

मामा: आणि पेट्रोल?

भाचा: पेट्रोलचा कॉक बंद करायचा, बाउल कोरडा होऊन इंजिन आपोआप बंद पडू द्यायचं, मगच गॅसवर चालू करायचं. दोन्ही एकत्र गेले तर मिश्रण घट्ट होतं, इंजिन गुदमरतं. गॅसवर चोक ओढायचा नाही. डब्यावरच्या या बटणानं एकदा थोडा गॅस आत सोडायचा आणि दोरी ओढायची. मग लोड टाकून गॅस कमी-जास्त करणारा हा स्क्रू लावायचा.

स्क्रू लावणं कानाचं काम आहे. रिकाम्या जनरेटरवर स्क्रू बरोबर बसला असं वाटतं, पण बाराशे वॅटचा भार टाकताच इंजिन खाली बसतं आणि दिवे पिवळे होतात. मग स्क्रू पाव फेरा उघडायचा. फार उघडला तर इंजिन हुंदके दिल्यासारखं वर-खाली होतं, सायलेन्सरमधून कच्च्या गॅसचा वास येतो. पुन्हा किंचित बंद. आवाज एकसारखा झाला आणि व्होल्टमीटरचा काटा 220 ते 230 च्या मध्ये उभा राहिला की झालं. प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून पाहायचा. एक जरी बुडबुडा वाढत गेला तर इंजिन चालू करायचं नाही. प्लगचा गॅप थोडा कमी ठेवायचा, कारण गॅस पेटवायला ठिणगी जोरकस लागते. टॅपेट मध्येमध्ये तपासायचा. एवढं सांभाळलं तर चार-स्ट्रोक इंजिन गॅसवर वर्षानुवर्षं चालतं, याबद्दल मला शंका नाही.

चार-स्ट्रोक हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण पुढचं बोलणं त्यावरच आलं.

मामा: मंग त्या लहान्यालेही लावून दे. निळावाला, पोट्टे उचलून नेतात तो.

भाचा: त्याला नाही लागत. तो दोन-स्ट्रोक आहे.

मामा: काहून नाही?

भाचा: त्यात तुम्ही पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकता. त्याच ऑइलवर त्याचं बेअरिंग आणि पिस्टन जगतात. गॅसमध्ये ऑइल नाही. पहिल्याच रात्री जाम होईल. किट लागेल ते फक्त मोठ्या, अडीच केव्हीएवाल्याला.

मामा: बरं, त्याच्यावर लोड किती ओढते?

भाचा: खोटं नाही सांगत. दहा टक्के कमी. गॅस जागा खातो, तेवढी हवा कमी आत जाते, ताकद घटते.

मामा: म्हणजे आज काठावर चालते तं उद्या चालणार नाही. नाटकाच्या रात्री मंचावर अंधार झाला तं लोकं दहा टक्के ऐकून घेणार नाहीत.

भाचा: तुमचा लोड काठावर नाही. हॅलोजन होते तेव्हा होता. आता एलईडी आहेत. पन्नास-पन्नास वॅटचे वीस लावले तरी हजार. पण कोणी म्हणेल यावर शेतातली एक एचपीची मोटर लावू, तर नाही. मोटर सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढते. पेट्रोलवरही अडीच केव्हीए रडतो, गॅसवर आणखी.

हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण गावात गॅसची गोष्ट निघाली की पाच मिनिटांत ती शेतातल्या मोटरीवर येते. धानाच्या बांधीला पाणी द्यायचं तर तासन् तास पंप चालवावा लागतो. तिथे लहान पेट्रोल जनरेटर कोणत्याही इंधनावर परवडत नाही. दिवसा वीज मिळावी ही शेतकऱ्याची मागणी आणि सौर पंपाची योजना, हाच त्याचा मार्ग. गॅसचा जनरेटर त्याची जागा घेऊ शकत नाही, आणि तसं सांगून कोणी किट विकत असेल तर तो शेतकऱ्याचं नुकसान करतो आहे.

आता हिशेब. भाच्याने तो पाटीवर मांडावा तसा मांडला, आणि मी तो इथे देतो कारण भाव बदलले तरी रीत बदलत नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण 32 मेगाज्यूल ऊर्जा असते. एक किलो एलपीजीमध्ये साधारण 46. म्हणजे एक किलो गॅस जवळपास 1.4 लिटर पेट्रोलचं काम करतो. गॅसच्या एका किलोचा भाव पेट्रोलच्या 1.4 लिटरपेक्षा जितका कमी, तितका फायदा. बाराशे वॅटच्या भाराला तासाला अर्ध्या किलोच्या आसपास गॅस लागतो, पेट्रोल पाऊण लिटरच्या थोडं आत. आठ तासांच्या रात्रीला चार किलो गॅस किंवा साडेपाच-पावणेसहा लिटर पेट्रोल. गॅस शंभर रुपये किलो आणि पेट्रोल एकशे पाच रुपये लिटर धरलं, तर रात्रीला पावणेदोनशे-दोनशे रुपये वाचतात.

मामा: आणि किट?

भाचा: बसवण्यासकट सहा हजार धरा.

मामा: म्हणजे तीस-बत्तीस रात्री झाल्यावर पैसे निघते.

भाचा: तुमच्या एका हंगामात निघतात. पण ज्याच्या दुकानात लाइन महिन्यातून दोनदा जाते, त्याचे कधीच निघत नाहीत. त्यानं इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी.

भाच्याने हे स्वतःहून सांगितलं, ते मला आवडलं. धंदा करणारा माणूस बहुधा हे सांगत नाही.

इथवर मामा ऐकत होते. खरा विरोध त्यांनी आता मांडला, आणि तो इंजिनाबद्दल नव्हताच.

मामा: तुझं इंजिन मले पटलं. आता सांग, सिलिंडर कुठून आणाचा?

भाचा: गॅस एजन्सीतून.

मामा: कोणता?

भाचा थोडा थांबला.

मामा: तू नाही बोलत तं मी बोलतो. किट लावलं की पहिल्या रात्री सिलिंडर येते घरातला. लाल. तुझ्या मामीचा. मंडपवाले आहेत, आचारी आहेत, नाश्त्याचे गाडे आहेत, सगळे तेच करतात. मी नाही करत.

भाचा: तो वापरायचाच नाही. दुकानाच्या नावानं 19 किलोचा निळा घ्यायचा.

मामा: घेतील का लोकं? घरगुती स्वस्त, व्यापारी महाग. तुझा सगळा हिशेब तो महाग सिलिंडर धरून आहे. जो स्वस्त धरते, त्याला जास्त फायदा दिसते. गॅसच्या जनरेटरचा फायदा जिथं सगळ्यात जास्त दिसते, तिथंच तो बेकायदा असते. हे तू कोणाले सांगतं का किट लावताना?

या प्रश्नावर भाच्याजवळ लगेच उत्तर नव्हतं, आणि माझ्या मते या सगळ्या वादाचं मर्म इथेच आहे. एलपीजीचा पुरवठा आणि वाटप यांचं नियमन करणारा केंद्र सरकारचा आदेश 2000 सालचा आहे. घरगुती सिलिंडर स्वयंपाकाशिवाय दुसऱ्या कामाला वापरणं त्यात मना आहे, आणि कारवाई होते ती 1955 च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली. एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस भरणं, ज्याला गावात सर्रास ‘पलटवणं’ म्हणतात, तेही गुन्हाच. या सगळ्या सिलिंडरांच्या सुरक्षेचे नियम सांभाळणारी केंद्राची संस्था, पेसो, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. तिच्या 2016 च्या नियमांप्रमाणे 100 किलोपर्यंत एलपीजी परवान्याशिवाय ठेवता येतो. म्हणजे मंडपवाल्याने एक-दोन व्यापारी सिलिंडर बाळगले तर कायद्याची अडचण नाही. अडचण आहे ती चोरट्या वाटेची.

मामांनी जुनी गोष्ट काढली. एके काळी व्हॅनमध्ये मागच्या सीटखाली घरगुती सिलिंडर टाकून गाड्या पळत. पुढे वाहनांसाठी वेगळा गॅस, पक्की बसवलेली टाकी, जास्त भरू न देणारी झडप असं सगळं कायद्याने आलं. त्याआधी आणि त्यानंतरही घरचा गॅस गाडीत पलटवताना भडके उडाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात सगळ्यांनी वाचल्या आहेत. गाडीला निदान आरटीओ विचारतो. जनरेटरला कोण विचारतं?

एवढ्यात मामी बोलल्या. त्या दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि सगळं ऐकत होत्या.

मामी: माझ्या सिलिंडरचं नाव काढलं म्हणून बोलतो. चुलीपासून सुटलो त्याले किती वर्षं झाली? शेजारच्या दोन घरी तं उज्ज्वलातूनच आला. आता नंबर लावला की आठ-पंधरा दिवस वाट पाहा. आणि तुम्ही नाटकात दिवे लावाले तो नेणार. मंग मी काय पुन्हा काड्या फुंकू?

भाचा: नाही मामीजी, तुमचा नाही.

मामी: आज नाही म्हणतं. मध्यरात्री तुझा निळा संपला आणि नाटक सुरू असलं, तं मामा कुठं पळत येतील?

उज्ज्वला योजना 1 मे 2016 ला सुरू झाली आणि गावातल्या कितीतरी घरांत पहिल्यांदा सिलिंडर आला. आपल्या देशात लागणाऱ्या एलपीजीतला अर्ध्याहून जास्त बाहेरून येतो. घरातल्या बाईच्या वाट्याचा गॅस इंजिनात जाळायचा की नाही, या प्रश्नाचं उत्तर कायद्याच्या आधी मामींनी देऊन टाकलं आहे. मी त्यांच्या बाजूचा आहे, यात मला काही झाकायचं नाही.

मामांची दुसरी हरकत जीवाची होती.

मामा: पेट्रोल सांडलं तं दिसते. गॅस दिसत नाही.

भाचा: वास येतो. त्यासाठीच त्यात वासाचं रसायन मिसळतात.

मामा: मंडपात अत्तर, अगरबत्ती, मसालेभात. कोणाले वास येते? आणि तो वर जाते का खाली?

भाचा: खाली. हवेपेक्षा दीड-दोन पट जड.

मामा: मंचाखाली आमचे पोट्टे झोपतात.

भाचा: मग सिलिंडर मंचाजवळ ठेवायचाच नाही. मोकळ्यावर, उभा, जनरेटरच्या धुराच्या उलट बाजूला, दहा-बारा फूट दूर. खड्ड्यात, नालीजवळ नाही. आडवा तर कधीच नाही. आडव्या सिलिंडरमधून पातळ गॅस नळीत येतो.

मामा: आणि थंडीत? आमचा हंगाम थंडीचा.

भाचा: पहाटे अडचण येते, ती खरी. गॅस वाफ होताना सिलिंडरची ऊब खातो. बाहेरून दव धरतं, हात लावला की बर्फासारखा. शिवाय प्रोपेन आधी उडून जातो, तळाशी ब्युटेन जास्त उरतो. डिसेंबरच्या पहाटे चार वाजता सिलिंडर संपत आलेला असला की दाब पडतो आणि इंजिन अडखळतं. पाच किलोचा लहान सिलिंडर यासाठीच मी सांगत नाही. त्याचं अंग लहान, लवकर गार पडतो.

मामा: मंग लोकं काय करतात माहीत आहे? सिलिंडरखाली निखारे ठेवतात. गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवतात.

भाचा: तसं केलं तर मी किट काढून घेईन.

मामा: तू असशील का तिथं पहाटे चार वाजता?

मग विषय धुराचा निघाला, आणि इथे मला मामांच्याही पुढे जाऊन सांगावंसं वाटतं. जुलै 2021 मध्ये चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरला एका घरात रात्री लाइन गेली म्हणून जनरेटर चालू ठेवून माणसं झोपली. सकाळी एकाच कुटुंबातले सहा जण मेलेले सापडले. घराला आग लागली नव्हती, स्फोट झाला नव्हता. कार्बन मोनॉक्साइडने ती माणसं गेली. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग झोप येते.

गॅसवर हे विष कमी तयार होतं, पण होतंच, आणि स्क्रू जास्त उघडा राहिला, मिश्रण घट्ट झालं, की भरपूर होतं. गॅसवरच्या इंजिनाचा धूर दिसत नाही, झोंबत नाही. पेट्रोलच्या, रॉकेलच्या धुराने माणूस निदान खोकतो आणि जनरेटर बाहेर काढतो. ‘गॅसचा आहे, स्वच्छ आहे’ म्हणून तोच जनरेटर पडवीत, जिन्याखाली, दुकानाचं शटर अर्धं ओढून आत चालवला जाईल, ही माझी खरी भीती आहे. सिलिंडरमधला न जळलेला गॅस वास देतो. जळून निघालेलं विष वास देत नाही. किट बसवणाऱ्या प्रत्येकाने हे गिऱ्हाइकाला दोनदा सांगितलं पाहिजे. घराच्या वायरिंगला जनरेटर जोडायचा तर चेंजओव्हर स्विचशिवाय जोडू नये, हेही; नाहीतर उलटी वीज तारेत जाते आणि खांबावर चढलेला लाइनमन मरतो.

भाचा: मामाजी, तुमच्या सगळ्या हरकती माणसाच्या आहेत. इंजिनाची एकही नाही.

मामा: माणसालेच तं वापराचं आहे.

भाचा: पेट्रोलचंही तसंच आहे ना? परवा तुमचाच पोऱ्या चालू जनरेटरमध्ये बाटलीनं पेट्रोल ओतत होता. खाली सायलेन्सर लाल झालेला. पंपवाले बाटलीत देत नाहीत म्हणून मोटारसायकलच्या टाकीतून नळीनं तोंडानं ओढून काढतात. हे धोक्याचं नाही? सवय झाली म्हणून दिसत नाही एवढंच. गॅसवर चालू इंजिनात काही ओतायचंच नाही. रात्रभर एक सिलिंडर, आणि 19 किलोचा असला तर चार-पाच रात्री.

मामा यावर गप्प राहिले. हा मुद्दा खरा आहे आणि तो त्यांना टाळता आला नाही. रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओतणाऱ्या पोराचा हात थरथरतो, तो मंडपाच्या धंद्यातल्या प्रत्येकाने पाहिला आहे.

मला दोघांपैकी एकाला जिंकवायचं असतं तर सोपं होतं. पण या जनरेटरचं उत्तर धंद्याप्रमाणे बदलतं. मंडपवाला, नाटकाचा ‘प्रेस’ म्हणजे नाटक कंपनी, रात्रीची खानावळ, जिथे हंगामात पन्नास-साठ रात्री मोकळ्या जागेत बेताचा भार चालतो आणि दुकानाच्या नावाने व्यापारी सिलिंडर घेता येतो, तिथे गॅस लावावा. तिथे तो पेट्रोलपेक्षा स्वस्त आहे, इंजिनाला चांगला आहे, आणि ओतण्याचा धोका जातो. घरासाठी, दोन दिवे आणि पंख्यासाठी, लावू नये, बॅटरी-इन्व्हर्टर बरा. मोठ्या भाराला डिझेलच. आणि ज्याच्या मनात घरचा लाल सिलिंडर आहे, त्याच्या जनरेटरला किट बसवण्याचं काम मिस्त्रीने घेऊच नये. सिलिंडर कोणता हे न विचारता किट बसवणारा मिस्त्री अर्धंच काम करतो, मग त्याचा हात कितीही बसलेला असो.

भाच्यालाही सिलिंडरचा मुद्दा पटला असावा, कारण पुढे तो किटबद्दल बोललाच नाही.

भाचा: उद्या एजन्सीत जाऊ. दुकानाचा परवाना, तुमचं आधार, जीएसटी नंबर असला तर तो. दोन निळे घेऊ, एक चालू, एक भरलेला. मामीजींच्या सिलिंडरकडे पळायची वेळच यायला नको.

मामा: दोन घेतले तं डिपॉझिट दोनदा.

मामी: द्या दोनदा.

मामा: बरं. आणि पोट्ट्याले शिकवशील?

भाचा: कॉक कसा बंद करायचा, साबण कसा लावायचा, वास आला तर आधी सिलिंडर बंद, मग बाकीचं. त्यानं माझ्यासमोर दहादा करून दाखवलं पाहिजे.

मामा: येत्या मंडईले लावू मंग?

भाचा: मंडईला नाही. आधी रिकाम्या अंगणात, पहाटेच्या थंडीत, सगळे दिवे लावून रात्रभर चालवू. पेट्रोलवाला कार्बोरेटर तसाच राहू दे, लागला तर पुन्हा पेट्रोलवर घेता येईल. ती रात्र नीट निघाली तर मग लोकांच्या मंडपात.